आधी दगड, मग दाणा

खेडहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागतं. मुंबई-गोवा महामार्गालगतचं हे गाव रासायनिक कारखान्यांमुळे राज्यभर माहीत झालं. त्या कारखान्यांच्या देखभाल विभागांत काम करणाऱ्या फिटरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. व्हॉल्व्ह गळू लागला की त्याची बैठक कार्बोरंडमच्या पेस्टनं घासायची. आधी भरड पेस्ट, मग बारीक, आणि भरडीचा एकही कण बारकीत जाऊ द्यायचा नाही. फिरत्या पिंपात दगड घासून चमकवण्याचा छंद याच नियमावर चालतो. फक्त व्हॉल्व्हचा धातू आधीपासून माहीत असतो, तर दगड ज्याचा त्यानं ओळखायचा असतो. तो न ओळखता पूड आणली, तर महिनाभर वीज जाळून हाती मळकट खडेच येतात.

या यंत्राला टंबलर म्हणतात. रबरी किंवा रबराचं अस्तर असलेलं एक छोटं पिंप दोन रुळांवर आडवं ठेवलेलं असतं आणि लहानशी मोटर त्याला सावकाश फिरवत राहते. आत दगड, पाणी आणि पूड. दगड एकमेकांवरून घसरतात, मधली पूड त्यांना कातरते आणि काही दिवसांनी कडा गोल होतात. यंत्रात शिकण्यासारखं फार थोडं आहे. खरा निर्णय असतो तो पुडीचा: दाणा किती जाड, कोणत्या क्रमानं आणि किती दिवस.

नंबर काय सांगतो

पुडीच्या डब्यावरचा आकडा मुळात चाळणीचा आहे. एक इंच लांबीत ६० भोकं असलेल्या चाळणीचं एकेक भोक साधारण पाव मिलिमीटरचं असतं. त्यातून जेमतेम जाणारा दाणा ६० नंबरचा. आकडा वाढतो तसा दाणा बारीक होतो. डब्यावर ६०/९० असं लिहिलेलं असेल, तर त्यात ६० ते ९० या दरम्यानचे सगळे दाणे मिसळलेले आहेत असा अर्थ होतो.

मायक्रॉनमध्ये पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. ६० नंबरचा दाणा सुमारे २६० मायक्रॉनचा, २२० चा सुमारे ५८, ५०० चा सुमारे १३ आणि १००० चा साडेचारच्या आसपास. म्हणजे बहुतेक पायऱ्यांवर दाणा आधीच्या दाण्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा होतो. मागच्या दाण्यानं पाडलेले ओरखडे पुसून त्याजागी स्वतःचे बारीक ओरखडे पाडणं, एवढंच पुढच्या दाण्याचं काम. ६० वरून थेट ५०० वर उडी मारली, तर १३ मायक्रॉनच्या दाण्याला त्याच्या वीसपट मोठ्या दाण्यानं केलेले खड्डे बुजवावे लागतात. ते त्याच्यानं होत नाही. वरवर गुळगुळीतपणा येतो, खाली चरे तसेच राहतात आणि शेवटच्या पॉलिशमध्ये तेच उठून दिसतात.

घरी मोझॅकच्या फरशीला पॉलिश करवून घेताना हेच डोळ्यांसमोर घडतं. कारागीर यंत्राला आधी जाड दाण्याचे दगड लावतो, मग क्रमानं बारीक नंबरांवर येतो आणि प्रत्येक हातानंतर फरशी धुऊन पाहतो. मधला एक नंबर त्यानं वाचवला, की उन्हाची तिरीप पडताच गोल गोल ओरखडे दिसू लागतात.

इथे एका गोंधळापासून सावध राहायला हवं. पॉलिश पेपरवरचा नंबर आणि सुट्या पुडीचा नंबर एकाच मापाचे नसतात. युरोपीय पद्धतीत कागदासाठी पी आणि सुट्या पुडीसाठी एफ अशा दोन वेगळ्या मालिका आहेत. भरड नंबरांत त्यांतला फरक थोडा असतो. बारीक नंबरांत तो फार वाढतो. पी ६०० चा दाणा सुमारे २६ मायक्रॉनचा, तर एफ ६०० चा जेमतेम ९ चा. त्यामुळे कागदाच्या सवयीनं पूड मागू नये. दुकानदाराला मायक्रॉन विचारणं सगळ्यात सुरक्षित.

लोट्याच्या आसपासचा दगड

आता दगडाकडे वळू. लोट्याच्या परिसरात पायाखाली पहिल्यांदा येतो तो जांभा. घर बांधायला उत्तम, टंबलरला निरुपयोगी. तो भोकाभोकांचा, ठिसूळ आणि लोहयुक्त असतो. पिंपात गेला की त्याची लाल माती होते आणि ती माती सोबतच्या चांगल्या दगडांच्या भेगांत घट्ट बसते. जांभ्यासाठी कोणताही नंबर नाही.

त्याखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत पसरलेले आहेत. वाशिष्ठी आणि जगबुडी या नद्यांनी घोळलेले त्याचे गोटे पात्रात सापडतात. बारीक पोताचा, भोकं नसलेला गोटा घेतला तर तो छान गुळगुळीत होतो. पण आरशासारखी चमक त्याला सहसा येत नाही, रेशमी तकाकी येते. बेसाल्ट हे अनेक खनिजांचं मिश्रण आहे आणि ती खनिजं कमी-जास्त वेगानं झिजतात, हे त्याचं कारण. ज्याच्या अंगावर बारीक भोकं किंवा पांढरे ठिपके आहेत असा गोटा बाजूला ठेवावा. ठिपके बहुधा मऊ खनिजांचे असतात, ते आधी झिजतात आणि तिथे खळगे पडतात.

खरा मानकरी म्हणजे गारगोटी. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिकायुक्त पाण्यातून स्फटिक, कॅल्सेडनी, अकीक आणि जास्पर तयार झाले. काठिण्याच्या मोहस मापावर ही मंडळी साडेसहा ते सातच्या दरम्यान येतात, अंगानं घट्ट असतात आणि सर्वांत उत्तम पॉलिश घेतात. देशावर गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या जुन्या गाळाच्या थरांत असे खडे विपुल आहेत. नेवाशाला प्रवरेच्या काठी ह. धी. सांकळिया यांनी उजेडात आणलेली अश्मयुगीन हत्यारं याच चर्ट, जास्पर, अकीक जातीच्या दगडांची होती. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून भडोच बंदराकडे अशाच रंगीत पट्ट्यांचे दगड जात असल्याची नोंद आहे.

त्याच पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइटही मिळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात आणि त्यांची जागा तिथेच आहे, पिंपात नाही. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचं काठिण्य साडेतीन-चार. भरड दाणा त्यांना काही दिवसांत संपवून टाकतो. सुंदर स्फटिकांचा गुच्छ सापडला, तर तो धुऊन तसाच जपावा.

पांढरं कॅल्साइट आणि पांढरी गार दिसायला सारखी वाटतात. ओळखायला चाकूचं टोक पुरे. पोलादी चाकूनं ओरखडा उठला तर कॅल्साइट. चाकू घसरला आणि उलट त्या दगडानंच काचेवर रेघ ओढली, तर गार. एका पिंपात एकाच काठिण्याचे दगड घालावेत हा नियम इथूनच येतो. मिश्र भरलं तर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतो आणि मऊ दगडाचा गाळ कठीण दगडाचं पॉलिश बिघडवतो.

दगड वेचताना दोन पथ्यं पाळावीत. कोयना प्रकल्पाच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पात्रातली पातळी बदलू शकते. मुलांना घेऊन पात्राच्या मध्यापर्यंत जाऊ नये. दुसरं म्हणजे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. अशा सड्यांवर एकही दगड उचलू नये की फोडू नये.

सुरुवात कोणत्या नंबरानं

हातातला दगड कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर पहिला नंबर ठरतो. फोडलेली, धारदार कडांची गारगोटी असेल तर ६०/९० नं सुरुवात करावी. नदीनं आधीच गोल केलेला, खड्डे नसलेला गोटा असेल तर नदीनं पहिला टप्पा फुकटात करून दिलेला आहे. तिथे १२०/२२० पासून सुरुवात चालते. त्यापेक्षाही जाड ४६/७० चा दाणा मोठ्या, जड पिंपांसाठी आहे. दीड-दोन किलोच्या घरगुती पिंपात तो दळला जाण्याइतका दाबच पडत नाही. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर समुद्रानं घासलेले काचेचे तुकडे मिळतात. काच साडेपाच काठिण्याची आणि ठिसूळ असल्यानं तिला ६०/९० लावू नये. १२०/२२० पासून सुरू करावं आणि आपटून टवके उडू नयेत म्हणून सोबत प्लॅस्टिकचे दाणे घालावेत.

फोडलेल्या गारगोटीसाठी पूर्ण क्रम असा: ६०/९०, मग १२०/२२०, मग ५०० आणि शेवटी पॉलिश. पहिले तीन टप्पे सिलिकॉन कार्बाइडचे. यालाच कार्बोरंडम म्हणतात. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला ते विजेच्या भट्टीत गवसलं. त्याचं काठिण्य नवाच्या वर आहे, पण टंबलरमध्ये त्याचा खरा उपयोग त्याच्या ठिसूळपणामुळे होतो. दाणा बोथट होऊन बसत नाही. तो तुटतो आणि नवी धार उघडी पडते. आठवड्याभरात ६०/९० ची पूड आपोआप बारीक होत जाते आणि शेवटी राखाडी गाळ उरतो. म्हणून पहिल्या टप्प्याची वापरलेली पूड साठवून परत घालण्यात अर्थ नाही.

शेवटच्या पॉलिशसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक पूड बहुतेक सगळ्या दगडांना चालते. काचेवर आणि गारगोटीवर सिरियम ऑक्साइडही उत्तम काम करतं, पण ते महाग पडतं. हिरवं क्रोमियम ऑक्साइड सच्छिद्र दगडात शिरून डाग पाडतं, नवख्यानं ते टाळावं. ५०० नंतर चमक कमी वाटली, तर मध्ये १००० चा एक टप्पा वाढवता येतो.

खास टंबलरसाठी बांधलेले संच सगळीकडे मिळत नाहीत. औद्योगिक बाजारात मात्र हीच पूड सुट्या नंबरांनी विकली जाते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर अवजारं आणि घासकामाच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. तिथे ६०/९० ऐवजी एफ ८० आणि १२०/२२० ऐवजी एफ १५० किंवा एफ १८० मागावी. काळी पूड घ्यावी. हिरवी अधिक शुद्ध आणि महाग असते, दगडाला त्या शुद्धतेचा उपयोग नाही. व्हॉल्व्ह घासायची तयार पेस्ट मात्र पिंपात घालू नये. ती बहुधा तेलात किंवा ग्रीजमध्ये कालवलेली असते. पाण्यात ती मोकळी होत नाही आणि दगडावर तेलकट थर धरते.

प्रमाण आणि दिवस

पिंप दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भरलं पाहिजे. कमी भरलं तर दगड घसरण्याऐवजी आपटतात, त्यांना चंद्रकोरीसारखे टवके पडतात आणि बाहेर ठोकल्याचा आवाज येतो. जास्त भरलं तर काहीच हलत नाही. बाहेर सलग, घसरता आवाज येत राहिला की भरणा बरोबर आहे. लहान-मोठे दगड मिसळून घालावेत, म्हणजे मोठ्यांच्या खाचांपर्यंत लहान पोचतात. पहिल्या टप्प्यात दगड बराच झिजतो, त्यामुळे पुढे पातळी घसरते. ती नव्या खडबडीत दगडांनी भरून काढू नये. त्यासाठी चिनी मातीचे छोटे दंडगोल मिळतात, ते घालावेत.

पाणी वरच्या थरातल्या दगडांच्या किंचित खाली असावं. पूड दगडांच्या किलोमागे साधारण ६० ग्रॅम. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. प्रत्येक टप्प्याला चोवीस तास चालवून सुमारे सात दिवस धरावेत, मात्र पहिल्या टप्प्याला ही मुदत लागू नाही. कडा गोल होईपर्यंत, खड्डे निघून जाईपर्यंत दर आठवड्याला नवी पूड घालून तोच टप्पा पुन्हा करावा. तीन-चार आठवडे लागले तरी घाई करू नये, कारण दगडाला आकार इथेच मिळतो. पुढच्या एकाही पुडीत खड्डा भरून काढण्याची ताकद नाही.

टप्पा संपला की दगड, पिंप, झाकण, झाकणाची खाच, सगळं धुवावं. प्रत्येक नंबराला वेगळा ब्रश ठेवावा. मग दगड पूर्ण वाळवावेत आणि तिरप्या उजेडात भिंगातून पाहावेत. ओला दगड फसवतो. पाण्याच्या थरामुळे ओरखडे बुजल्यासारखे वाटतात. कोरड्या पृष्ठभागावर एकसारखा मंद पोत दिसला तर पुढे जावं. एखाद-दुसरा लांब चरा दिसला तर तो दगड मागच्या टप्प्याच्या डब्यात टाकावा. ज्याला भेग आहे असा दगड पॉलिशच्या टप्प्यात नेऊच नये, कारण भेगेत दडलेला भरड दाणा तिथे बाहेर पडतो आणि सगळ्या भरण्यावर ओरखडे उमटवतो.

ज्यांच्याकडे थरथरणारं, म्हणजे व्हायब्रेटरी, यंत्र आहे त्यांचा हिशोब वेगळा. ते दगडाचा मूळ आकार फारसा बदलत नाही आणि काम लवकर उरकतं. त्यात ६०/९० नं गोलाई आणायचा प्रयत्न करू नये. आकार आलेले दगड घेऊन २२० पासून सुरुवात करावी.

पावसाळ्याची तयारी

कोकणात जून ते सप्टेंबर या छंदाला दोन अडचणी येतात. पहिली विजेची. झाडं पडून तारा तुटल्या की पिंप तासन्‌तास थांबतं, पूड तळाशी बसते आणि घट्ट होते. वीज आल्यावर यंत्र तसंच सुरू करू नये. पिंप काढून हातानं उलटसुलट लोळवावं, आतलं मोकळं झाल्याची खात्री करावी आणि मगच रुळांवर ठेवावं. जितका वेळ पिंप बंद राहिलं, तितका वेळ मुदतीत वाढवावा. दुसरी अडचण गढूळ पाण्याची. विहिरीच्या लालसर पाण्यातला बारीक वाळूचा कण पहिल्या टप्प्यात काही बिघडवत नाही. पॉलिशच्या टप्प्यात तो एकटा आठवड्याची मेहनत वाया घालवतो. शेवटच्या दोन टप्प्यांना गाळलेलं, निवळलेलं पाणीच वापरावं. पॉलिशची पूड घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, नाहीतर दमट हवेत तिच्या गाठी होतात.

पिंपातला गाळ मोरीत ओतू नये. पाइपात तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत दिवसभर ठेवून वरचं पाणी काढून टाकावं आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात द्यावा. विहीर, ओढा किंवा खाडी यांत तो जाता कामा नये. लोट्याखालच्या खाडीच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलं आहे.

खंबायतची शिकवण

गुजरातमधल्या खंबायतला अकिकाचे मणी शतकानुशतकं घडवले जातात. तिथे यंत्रं येण्याआधी मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरून पिशवीचं तोंड बांधत. खोलीच्या दोन टोकांना बसलेले कारागीर पट्ट्यानं ती पिशवी आळीपाळीनं ओढून लोळवत. एका भरण्याला दहा-पंधरा दिवस लागत आणि पिशवी सतत ओली ठेवत. आजच्या रबरी पिंपात याहून वेगळं तत्त्व नाही.

त्याच खंबायतची दुसरी बाजू मात्र विसरू नये. मण्यांना आकार देताना कोरड्या चाकावर घासण्यातून उडालेल्या सिलिकेच्या धुळीनं तिथल्या कित्येक कारागिरांना सिलिकोसिस झाला; अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्यावर अभ्यास केले आहेत. हा आजार बरा होत नाही. घरच्या छंदातही गारगोटी फोडताना ती ओली करावी, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा, कोरडं घासकाम अजिबात करू नये. वाळलेला गाळ झाडून काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावा. पिंपात सगळं पाण्यात चालतं, हा टंबलरचा मोठा गुण आहे आणि तो जपला पाहिजे.

लोट्याच्या आसपास राहणाऱ्या नवख्यानं पहिला भरणा पावसाळा संपल्यावर लावावा. पाणी निवळलेलं असतं आणि वीजही फारशी जात नाही. किलोभर गारगोटी किंवा जास्पर घ्यावं, त्यात बेसाल्ट मिसळू नये. एफ ८०, एफ १८०, एफ ५०० आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड अशा चार पुड्या चार बरण्यांत, वर नंबर लिहून ठेवाव्यात. भरण्याआधी दगडांचं वजन करावं आणि एका वहीत तारीख, नंबर, पुडीचे ग्रॅम, थांबलेले तास आणि टप्प्यानंतरचं वजन लिहीत जावं. पहिल्या टप्प्यात दर आठवड्याला वजन किती घटलं हे पाहिलं, की आपल्या पिंपाचा वेग आणि आपल्या दगडाचा चिवटपणा दोन्ही कळतात. बेसाल्टचा भरणा लावण्याची वेळ आली की किती दिवस धरायचे, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवता येतं.